मोन्झोन: किताब राखणारा, बायकोला मारणारा

हेडफोन लावलेत ना? आज गोष्ट अर्जेंटिनाच्या कार्लोस मोन्झोनची.

सांता फे प्रांतातल्या गरीब घरातला पोरगा. ७ नोव्हेंबर १९७० ला त्याने रोममध्ये जाऊन इटलीच्या निनो बेनव्हेनुतीला त्याच्याच लोकांसमोर १२व्या राउंडमध्ये झोपवलं आणि मिडलवेटचा जगज्जेता झाला. पुढे किताब १४ वेळा राखला. १९७७ मध्ये निवृत्त झाला, तोही जगज्जेता म्हणूनच. सिनेमे, पार्ट्या, मासिकांची कव्हरं, सगळं मिळालं.

मग १४ फेब्रुवारी १९८८, मार देल प्लाता शहर. विभक्त राहणारी बायको, त्याच्या लहान मुलाची आई, आलिसिया मुनिझ. भांडण झालं आणि ती बाल्कनीखाली मेलेली सापडली. तो म्हणाला, अपघात. पण तिचा गळा दाबला गेल्याचं तपासात निघालं. १९८९ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली.

ती पूर्ण भोगलीच नाही. जानेवारी १९९५ मध्ये सुट्टीवर बाहेर असताना गाडीच्या अपघातात तो गेला. निरोपाला हजारो लोक आले. सांता फेमध्ये आज त्याचा पुतळाही आहे.

बाई म्हणून केलेल्या खुनाला जास्त कडक शिक्षा अर्जेंटिनाच्या कायद्यात आली २०१२ मध्ये. तोवर असे खून ‘प्रेमातला संताप’ म्हणून खपायचे.

खरं सांगू? मीसुद्धा आधी त्याच्या नॉकआउटच्या क्लिप्स फॉरवर्ड केल्यात. आलिसियाचं नाव मला खूप नंतर कळलं. तुम्ही त्याची क्लिप टाकाल तेव्हा कॅप्शनमध्ये तिचंही नाव लिहा. एवढंच.

भेटूया पुढच्या भागात.