मुलाच्या आधी त्याची वस्ती दिसते

(व्याख्यानमालेत कवठे महांकाळ येथे दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत ‘पूर्वग्रह’ हा शब्द वाचून कुणाला तरी आज बोलणी बसणार, असं वाटलं असेल. निर्धास्त बसा. मी वाईट माणसांविषयी बोलायला आलेलो नाही. पोरांवर जीव लावणाऱ्या अंगणवाडीताईंच्याच हातून जे नकळत घडतं, त्याविषयी बोलणार आहे.

अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवासी असावी, असा नियम आहे. नियम चांगलाच. पण गावची म्हणजे कुठल्या तरी भावकीची, कुठल्या तरी आळीची. तीन वर्षांचं पोर दारात आलं की ते दिसायच्या आधी त्याची वस्ती दिसते. ‘पालावरचं’, ‘खालच्या आळीचं’, ‘अमक्या दारुड्याचं’. मग कुणाचं नाक पदरानं पुसलं जातं, कुणाला ‘जा, तोंड धुऊन ये’ म्हणून परत धाडलं जातं. साहेब आले की गाणं म्हणायला ठरलेलीच दोन पोरं पुढं. असल्या गोष्टी अहवालात येत नाहीत. पोरांच्या मात्र बरोबर ध्यानात येतात.

आपल्या तालुक्याचंच घ्या. शेजारी जत, पलीकडं कर्नाटक. द्राक्षाची छाटणी, विरळणी निघाली, बेदाण्याची शेडं सुरू झाली की मजुरांची बिऱ्हाडं येतात. त्यांत कानडी बोलणारीही असतात. समजा, त्यातली चार वर्षांची एक पोर अंगणवाडीत येऊन बसली. ताईंनी पाच चिंचोके मांडले. ‘किती गं?’ पोर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. वहीत नोंद झाली : ‘बोलत नाही, मोजता येत नाही.’ तीच पोर दुपारी शेडमागं धाकट्या भावाला चिंचोके देताना ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू, ऐदू असं बिनचूक मोजते. ताईंनी तपासलं तिचं मराठी आणि शेरा मारला अकलेवर.

आता उलट बाजू बघा. आपल्या जिल्ह्यातली, विशेषतः खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. त्यांची नातवंडं तमिळ किंवा तेलुगू बालवर्गात पहिल्या दिवशी बसतात, तेव्हा तिथली बाई त्यांच्या नावापुढं काय लिहीत असेल?

‘एवढ्याशा पोराला काय कळतंय?’ असं आपण सर्रास म्हणतो. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या. सगळ्या एकसारख्या, फरक फक्त रंगाचा. यातली चांगली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. मग ‘तुझ्यासारखी कोणती?’ असं विचारलं, तर काही मुलं रडत उठून गेली. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांतली वर्णावरची फाळणी बेकायदा ठरवली, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. आपल्या भिंतीवरचे तक्तेही एकदा नीट बघा. ‘आई’ म्हटलं की गोरी बाई ओट्याशी उभी. डोक्यावर पाटी घेतलेली, खुरपं धरलेली आई कुठल्या तक्त्यावर आहे?

यातून वाट कशी काढायची, हे महाराष्ट्रात आधीच करून दाखवलेलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. दलित वस्तीतली मुलं गावातल्या बालवाडीत येईनात. ‘यांना शिक्षणाची किंमतच नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. या बायकांनी बालवाडी उचलली आणि वस्तीच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया गोळा केल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षकच गुरांमागं कुरणात गेले. त्या शाळेला कुरणशाळा म्हणत.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. माझं स्पष्ट मत सांगतो : आपण बोर्डीचं ‘अंगणवाडी’ हे नाव घेतलं, चाल घेतली नाही. आता खोली जागची हलत नाही आणि मुलानं तिथवर यायचं. दिवाळीनंतर मेंढरांमागं गेलेल्या धनगराच्या पोराच्या नावापुढं नुसती गैरहजेरी पडत राहते. आणि विविधता कुठं? तर २६ जानेवारीला फेटा, लुंगी चढवून काढलेल्या फोटोत! फोटोला माझी ना नाही. पण लुंगी नेसवलेल्या पोराला कानडीत पाणी मागता आलं आणि ते ताईंना कळलं, तर मला जास्त आनंद होईल.

तेव्हा ताई, येत्या जूनमध्ये नवा पट लिहाल तेव्हा नावाशेजारी घरची भाषा लिहा. पाणी, भूक, शी, दुखतंय, आई कुठं आहे, असे दहा-बारा शब्द त्या मुलाच्या आईकडूनच लिहून घ्या. तिलाही बरं वाटेल. आणि बागायतदार मंडळी, बिऱ्हाडं कधी येणार हे सगळ्यात आधी तुम्हाला ठाऊक असतं. उचल तुम्हीच दिलेली असते. टेंपो बागेत उतरला की त्याच आठवड्यात अंगणवाडीत कळवा : किती पोरं आहेत, केवढाली आहेत आणि घरात काय बोलतात.