एकगठ्ठा नामांतर

१ नोव्हेंबर २०१४ रोजी, कर्नाटक राज्याच्या स्थापनादिनी, बंगलोर शहर अधिकृतपणे बेंगळुरू झाले. त्याच दिवशी म्हैसूर, मंगळूर, हुबळी, बेळगाव, विजापूर आदी धरून एकूण १२ शहरांची नावे बदलली. राजपत्रात असा बदल चार ओळींत होतो; परंतु कार्यालयांतील संगणकांत जुन्या नावांच्या असंख्य फायली मागे राहतात. त्यांना एकेक करून नवे नाव देणे हे कंटाळवाणे आणि चुकांना वाव देणारे काम होय.

युनिक्स प्रणालीत याकरिता ‘शेल’ हे साधन आहे. शेल म्हणजे माणसाच्या लेखी आज्ञा वाचून त्या यंत्राकडून पार पाडून घेणारा मध्यस्थ. स्टीफन बॉर्न यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेले शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसिद्ध झाले. आजची अनेक शेले त्याच वळणाची आहेत. नाव बदलणारी आज्ञा ‘एमव्ही’ ही होय. ‘या कप्प्यातील प्रत्येक फायल घे, नावातील जुना शब्द काढ, नवा घाल,’ असे तीन-चार ओळींत लिहून दिले की हजार फायलींचे बारसे क्षणात उरकते. आतील मजकुराला धक्का लागत नाही. बदलते ती दप्तरावरची चिठ्ठी.

धोकाही येथेच आहे. विजापूरचे विजयपुरा झाले. परंतु बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातील देवनहळ्ळी तालुक्यात विजयपुरा नावाचे गाव पूर्वीपासूनच आहे. समजा, दोन्ही ठिकाणांच्या फायली केवळ गावाच्या नावाने एकाच कप्प्यात ठेवल्या आहेत. यंत्र ‘विजापूर’चे ‘विजयपुरा’ करील आणि त्या नावाची आधीची फायल सहसा न विचारता नाहीशी करील. कोणतीही सूचना मिळणार नाही. एक गाव दप्तरातून गेल्याचे कित्येक महिने कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

म्हणून जाणकार माणूस आज्ञा देण्यापूर्वी ‘एको’ या आज्ञेने जुनी व नवी नावे शेजारी शेजारी छापून घेतो आणि ती यादी स्वतः वाचतो. नवे नाव आधीच वापरात असल्यास थांबावे, अशी अट तो घालतो. मूळ फायलींची प्रत अलग ठेवतो, आणि ती यादीही जपतो. चूक झालीच तर तिच्या आधारे मागे परतता येते. गावाच्या नावापुढे जिल्ह्याचे नाव जोडणे हा तर सर्वांत सोपा उपाय. यंत्राला अक्षरे तेवढी दिसतात. एका नावाची दोन गावे असू शकतात, हे माणसानेच ध्यानात ठेवावयाचे असते.