फुकटची पिशवी
(भाट्ये येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण कचऱ्याविषयी बोलणार आहोत. कचरा म्हटले की लोक गालात हसतात. "झाले! आता हे आम्हांला केरसुणी धरायला शिकवणार!" असे म्हणतात. तसे नाही. झाडलोट तुम्हांला कोणी शिकवायला नको. इथल्या आयाबाया दिवस उगवायच्या आत अंगण झाडतात, सडा घालतात. घर स्वच्छ असते. अडचण आहे ती अंगणाबाहेर गेलेल्या कचऱ्याची.

पण आधी आमची एक चूक सांगतो. मागे एका सभेत आम्ही सांगत होतो, "प्लॅस्टिक उकिरड्यावर टाकू नका. पिशव्या धुवा, वाळवा, वेगळ्या ठेवा. अगदी सोपे आहे." तेवढ्यात मागे बसलेल्या एक काकी उठल्या. म्हणाल्या, "सोपे कोणाला? मे महिन्यात विहिरीला पाणी नाय. हंड्यासाठी दोन दोन खेपा माराव्या लागतात. त्या पाण्याने पोरांना न्हाऊ घालू की दुधाच्या पिशव्या धुवू? तुम्ही सांगणार नि जाणार. धुणार मी!"

सभा हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. काकींचे म्हणणे खरे होते. खटाटोप कोणाचा, खर्च कोणाचा, हे न बघता आम्ही उपदेश करत होतो.

म्हणून आज आम्ही "सोपे आहे" असे म्हणणार नाही. आज हिशेब करू. किराणा दुकानदाराची वही असते ना, तसा. जमा किती, खर्च किती, आणि उधारी कोणाच्या नावावर?

पहिली गोष्ट जाळ्याची. इथले म्हातारे मच्छीमार सांगतील. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. दर्यावरून आले की जाळे धुवायचे, वाळत घालायचे. मधून मधून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचे. नाही तर जाळे कुजायचे. किती मेहनत! मग नायलॉनचे जाळे आले. ते कुजत नाही. हलके असते, मजबूत असते. मच्छीमाराचे कष्ट वाचले. ही काय वाईट गोष्ट झाली? मुळीच नाही.

पण जे कुजत नाही, ते कुजतच नाही! सुताचे जाळे समुद्रात तुटून गेले तर काही दिवसांनी त्याची माती होई. नायलॉनचे तुटलेले जाळे पाण्यात तसेच राहते. त्यात मासे अडकतात, कासवे अडकतात, मरतात. ती मासळी कोणाच्या टोपलीत येत नाही. म्हणजे किनाऱ्यावर वाचलेले कष्ट समुद्राच्या नावावर उधार लिहिले गेले. आणि समुद्राची उधारी शेवटी मच्छीमारालाच फेडावी लागते.

पिशवीचे तसेच आहे. दुकानदार पिशवी फुकट देतो. हात हलवत बाजारात जावे, पिशवी भरून घरी यावे. समजा, एका घरात आठवड्याला दहा पिशव्या येतात. वर्षाच्या झाल्या ५२०. अशी शंभर घरे धरा. वर्षाला ५२,००० पिशव्या! त्या जातात कुठे?

काजळी नदी सह्याद्रीतून निघते. साखरपा, चांदेराई अशा गावांवरून खाली येते आणि आपल्या भाट्ये खाडीतून समुद्राला मिळते. पाऊस पडला की वरच्या गावांत गटारात टाकलेली पिशवी वाहत आपल्या दारात येते. आपण टाकलेली पुढे समुद्रात जाते. समुद्र काही स्वतःजवळ ठेवून घेत नाही. भरतीला तो ती सुरूच्या बनापाशी आणून टाकतो. उरलेली जाळ्यात येते. मग मासळी निवडायची सोडून आधी जाळ्यातले प्लॅस्टिक निवडत बसा. याची मजुरी कोण देतो? कोणी नाही. फुकटच्या पिशवीची किंमत ही अशी, मागाहून द्यावी लागते.

कोणी म्हणेल, "जाळून टाकू." पालापाचोळा आणि शेण जाळून आपण भाताच्या रोपासाठी राब भाजतो. ती राख शेताला चालते. प्लॅस्टिकचा धूर मात्र विषारी असतो. चूल पेटवताना पिशवीचा तुकडा घालू नका. तो धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो, मग मांडीवरच्या लेकराच्या.

सरकारने कायदे केले आहेत. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला. एकदा वापरून फेकायच्या पेल्या-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कायदा चांगला आहे. पण मासळी विकणाऱ्या बाईचा विचार करा. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते. बांगडे घेते आणि विचारते, "पिशवी नाही?" ती "नाही" म्हणाली तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते. "आहे" म्हणाली तर दंडाची भीती. कायदा झाला सगळ्यांसाठी, पण कात्रीत सापडली ती एकटी! आणि ओले बांगडे कापडी पिशवीत कसे घालणार? पिशवीला वास लागतो, पाणी गळते. एस.टी.त शेजारचा नाक मुरडतो. ही अडचण खरी आहे. ती नाही असे म्हणू नये.

मग करावे काय? आमच्या मते कामाच्या तीन टोपल्या कराव्यात.

पहिल्या टोपलीत फायद्याची कामे. ती आजच सुरू करावीत. आपल्या भाट्यात १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाचे मोल तुम्हांला वेगळे सांगायला नको. झावळीचे झाप होतात. हिरांचा खराटा होतो. करवंटी चुलीला होते. सोडणे माडाच्या आळ्यात पुरली तर ती पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात माडाला ओलावा मिळतो. म्हणजे शिंपायचे पाणी वाचते. भाजीची देठे, पालापाचोळा, मासळीची घाण खड्ड्यात घाला. वर माती किंवा राख पसरा. तसे केले नाही तर कुत्री उकरतात आणि वास सुटतो. खड्डा उंचवट्यावर काढा आणि पावसाळ्यात वर झाप टाका. नाही तर आपल्या कोकणच्या पावसात खताचा रस वाहून जाईल आणि खड्ड्यात डास होतील. काही महिन्यांनी विकतचे खत तेवढे कमी लागेल. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, बाटल्या भंगारवाला पैसे देऊन नेतो. या टोपलीत मेहनत आहे, पण पदरात काही पडते.

दुसऱ्या टोपलीत पदरमोडीची कामे. यांत पैसा मिळत नाही, उलट थोडी तोशीस पडते. जुन्या पातळाची पिशवी शिवायची तर सुई-दोरा आणि एक दुपार जाते. दुधाची पिशवी धुवायची तर पाणी लागते. पण काकींनी खडसावल्यावर आम्ही इतर बायांना विचारले. त्यांनी युक्ती सांगितली. पिशवीत दोन घोट पाणी घालून हलवा आणि ते दुधाच्या पातेल्यातच ओता. दूधही वाया जात नाही आणि वेगळे पाणीही लागत नाही. पिशवी दोरीवर वाळत घाला. ही अक्कल आमची नाही, बायांची आहे.

या टोपलीविषयी पुरुषमंडळींना एक सांगणे आहे. ही कामे घरच्या बाईच्या डोक्यावर आणखी एक हंडा म्हणून चढवू नका. बाजारात तुम्ही जाता, तर खिशात घडी केलेली पिशवी तुम्ही ठेवा. गुटख्याची पुडी तुम्ही फोडली, तर ती गोणीत तुम्हीच टाका. घरात नियम करा, "जो आणील तो ठेवील." पोरांनाही तो लागू करा. तोशीस वाटून घेतली की हलकी होते.

तिसऱ्या टोपलीत एकट्या घराच्या आवाक्याबाहेरची कामे. बिस्किटांचे, वेफरचे चकचकीत कागद घ्या. ते भंगारवाला नेत नाही. का नेत नाही? त्यात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे अवघड. वजन नाही, म्हणून भाव नाही. तुम्ही ते कितीही नीट धुऊन ठेवले, तरी पुढे नेणारा नसेल तर गोणी पडवीत पडून राहते. उंदीर होतात. मग वैतागून माणूस ती खाडीत रिकामी करतो. त्याचा राग येतो, पण दोष एकट्या त्याचा नाही. गोणी उचलणारे कोणी हवे, आणि उचलण्याचा खर्च कोणीतरी द्यायला हवा.

हे जमते का? जमते. आपल्या कोकणातल्याच वेंगुर्ल्याचे पाहा. तिथल्या नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. जिथे कचऱ्याचा ढीग होता, ती जागा लोक पाहायला येऊ लागले. प्लॅस्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या कामाला वापरले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली आपली संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढे त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ पासून घरोघर जाऊन कचरा उचलायला घेतला. त्यासाठी घरे दरमहा पैसे देतात. तिथे फुकट काही झाले नाही. पण कोण किती देणार, हे उघड ठरले. आणि ज्या बाया उकिरड्यात हात घालत होत्या, त्यांना कामाचा दाम आणि मान मिळाला.

आणखी एक लक्षात ठेवा. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी माल बनवणाऱ्या कंपन्यांवरही जबाबदारी टाकली आहे. ज्यांनी वेष्टने बाजारात आणली, त्यांनीच ती परत गोळा करण्याची व्यवस्था करावी, असा तो नियम आहे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या नियमात तर रिकामी दुधाची पिशवी परत केल्यास किमान पन्नास पैसे मिळावेत, असे होते. असे पन्नास पैसे तुमच्यापैकी कोणाच्या हाती पडले आहेत का? हात वर करा पाहू! नियम कागदावर लिहिला म्हणजे दारात येत नाही. त्याला हाताला धरून आणावे लागते.

म्हणून तुमच्या शिकण्याचा इथे उपयोग आहे. आता तुम्हांला वाचता येते. ग्रामसभेची नोटीस लागली की वाचा. सभेला जा, विशेषतः बायांनी जा. उठून विचारा, "गोणी भरून ठेवतो. गाडी कोणत्या वारी येणार? ती नेणार कुठे? खर्च कशातून?" उत्तर मिळेल ते वहीत लिहा, खाली तारीख घाला. पुढच्या सभेत तीच वही उघडा. तोंडी विचारलेले लोक विसरतात. लिहिलेले विसरता येत नाही.

आणि त्या बांगड्यांचे काय? तेही सांगून संपवतो. आपल्या आज्या मासळी आणायला जाताना पिशवी नेत नसत. झाकणाचे भांडे नाही तर टोपली नेत. आपणही घरातला एक जुना झाकणाचा डबा मासळीसाठी वेगळा ठेवू. पिशवीतून तो डबा न्यायचा, डब्यात बांगडे घ्यायचे. पाणी गळत नाही, वास लागत नाही. डबा न्यायला जड, धुवायला लागतो, हे कबूल. पण गिऱ्हाइकाने डबा नेला की विकणारी बाई दंडाच्या भीतीतून सुटते. आपला एक डबा जड, पण तिच्या डोक्यावरचे ओझे हलके होते. आणि उद्या जाळ्यात पिशवीऐवजी बांगडा आला, तर तो आपल्याच डब्यात पडणार आहे.

काकी आज इथे असत्या तर त्यांनी विचारले असते, "डबा धुणार कोण?"

जो बांगडे खाईल तो!