घरच्या पडद्यावर कुंग फू

घरबसल्या कुंग फूचा एकच चित्रपट पाहणार असाल, तर १९७८चा 'ड्रंकन मास्टर' पाहा. ब्रूस लीचा १९७३चा 'एंटर द ड्रॅगन' जास्त गाजला, हे खरं. पण ब्रूस लीचा प्रहार क्षणात संपतो. 'ड्रंकन मास्टर'मधला जॅकी चॅन पडतो... सावरतो... पुन्हा उभा राहतो. हाँगकाँगच्या पेकिंग ऑपेरा शाळेत लहानपणापासून घोटून घेतलेलं हे अंग! दिग्दर्शक यून वू-पिंग ते आपल्याला नीट पाहू देतात.

कुणी म्हणेल, कथा फारच साधी आहे. आहेच. वांड मुलगा आणि कडक गुरू, एवढीच. पण गुरूनं करून घेतलेली मेहनत शेवटच्या लढतीत डोळ्यांना दिसते. म्हणून पुन्हा सांगावंसं वाटतं, आधी 'ड्रंकन मास्टर'. मग २०००चा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'. त्यातल्या लढतीही यून वू-पिंग यांनीच बसवल्या आहेत.