कार्टूनमधले बहीणभाऊ आणि आपल्या घरातले
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा भाषण कसले, चार घरगुती गोष्टीच सांगते.

मुले शाळेतून आली की दप्तर टाकून टीव्हीपुढे बसतात. ती काय बघतात, ते आपण भाकरी थापताना अर्ध्या कानाने ऐकतो. माझ्या मुलीने मला ‘शीझाऊ’ ही कार्टून मालिका समजावून सांगितली. ती ऑस्ट्रेलियात २०१२ साली निघाली. गाय आणि केली ही बारा वर्षांची जुळी भावंडे. वारलेल्या अ‍ॅग्नेस आंटीची जादूची अंगठी गाय बोटात घालतो आणि ती निघतच नाही. अंगठी बायकांसाठी केलेली, म्हणून संकट आले की मुलाला बाईच्या वेषात लढावे लागते. केलीला अंगठीची फार हौस. तरी ती भावाच्या पाठीशी उभी राहते. अमेरिकेत २०१३ साली ही मालिका आली, तेव्हा काहींनी तिला नावे ठेवली.

आपल्याला त्यात नवल वाटू नये. विराटाघरी अर्जुन बृहन्नडा होऊन राहिला, उत्तरेला नाच शिकवला. विराट मुलाच्या विजयाची बढाई मारू लागला, तेव्हा धर्मराज म्हणाला, सारथी बृहन्नडा असल्यावर जय ठरलेलाच. राजाने चिडून फासा तोंडावर मारला, रक्त आले. पण धर्मराजाने भावाचे कौतुक मागे घेतले नाही.

आता वेष घेणे वेगळे आणि मनानेच तसे असणे वेगळे. अर्जुनाने वेष उतरवला. काही मुलांना तो उतरवता येत नाही, कारण तो वेष नसतोच. नारायणगावला आपण तमाशाची पंढरी म्हणतो. फडातल्या नाच्याला टाळ्या देणारी माणसे तसेच वागणाऱ्या घरच्या पोराला मात्र काठीने मारतात. माझ्या माहेरी, घोडनदीकाठी, असाच एक मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून गेला. त्याची बहीण अजून भाऊबीजेला एक पाट जास्तीचा मांडते. त्यावर कोणी बसत नाही.

भगिनींनो, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांना मान्यता दिली. २०१९ च्या कायद्यात लिहिले गेले, की अशा मुलाला त्या कारणावरून आईबापांपासून, न्यायालयाच्या हुकमावाचून, वेगळे करू नये. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. गाव करू शकते, मग घराला का जड जावे?

कायदा दारापर्यंत येतो. आत पाट मांडायचा तो आपणच. मुले उद्या टीव्हीपुढे असे काही बघून हसली, तर ‘बंद कर’ म्हणण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि धर्मराजाची गोष्ट सांगा. घरात एखादे मूल तसे असेल, तर त्याच्या भावंडांना ती आधी सांगा. बाप रागावला, शेजार हसला, तरी पाठचा भाऊ किंवा बहीण बाजूने उभी राहिली, तर ते मूल रात्री घराबाहेर पडणार नाही.