पासवर्ड तारेवरून जात नाही



सकाळी ऑफिसात आलं की आपण कॉम्प्युटरवर नाव आणि पासवर्ड टाकतो. मग दिवसभर सामायिक फोल्डर, मेल, प्रिंटर सगळं आपसूक उघडतं. पुन्हा कोणी विचारत नाही, 'आपण कोण?' या सोयीमागे दोन वेगळी कामं आहेत आणि नवखी माणसं ती हमखास एकत्र करतात.

मतदानकेंद्रावर यादीत तुमचं नाव असतं. पण तेवढ्यावर मत देता येत नाही, ओळखपत्र दाखवावं लागतं. नेटवर्कवरही तसंच. डिरेक्टरी म्हणजे ती यादी: नाव, खातं, विभाग, कोणत्या गटात आहात. ती वाचण्याची एलडॅप नावाची पद्धत अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात घडली. यादीचं एवढं पुरे. खरी गंमत ओळख पटवण्यात आहे.

एमआयटी या संस्थेत १९८३ साली अथेना प्रकल्प सुरू झाला. विद्यार्थ्यानं आवारातल्या कुठल्याही यंत्रावर बसावं आणि आपलं काम उघडावं, अशी कल्पना. पण पासवर्ड उघडा पाठवला, तर वाटेत कान लावून बसलेल्याला तो आयता मिळणार. त्यावर तिथं निघालेला तोडगा म्हणजे कर्बरॉस. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं हे नाव. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतही २००० सालापासून हीच पद्धत आहे.

तुम्ही पासवर्ड टाकलात की तुमचाच कॉम्प्युटर त्यापासून एक किल्ली तयार करतो. त्या क्षणाची वेळ त्या किल्लीनं कुलूपबंद करून सर्व्हरकडे धाडतो. तीच किल्ली सर्व्हरपाशी आधीपासून असते. त्यानं कुलूप उघडलं आणि आत बरोबर वेळ निघाली, की माणूस खरा! पासवर्ड जागचा हललाही नाही. मला तरी यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. मग सर्व्हर एक तिकीट देतो. विंडोजमध्ये ते सहसा दहा तास चालतं. त्या तिकिटाच्या जोरावर तुमचा कॉम्प्युटर फोल्डरसाठी, प्रिंटरसाठी वेगवेगळी तिकिटं परस्पर मिळवत राहतो.

आता घड्याळाचं. जुना निरोप चोरून कोणी पुन्हा वापरू नये, म्हणून दोन्हीकडच्या वेळेत साधारण पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. म्हणून पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख मागे जाते आणि माणूस बिचारा पासवर्ड बदलत बसतो! आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतात, पण टाइम झोन ग्रिनिचचाच राहतो. कर्बरॉस हिशेब जागतिक वेळेत करतो. त्यामुळे दिसायला वेळ अगदी बरोबर, पण सर्व्हरच्या लेखी तुमचं यंत्र साडेपाच तास पुढे असतं. तेव्हा 'पासवर्ड चालत नाही' अशी तक्रार करण्याआधी तारीख, वेळ आणि टाइम झोन, तिन्ही पाहून घ्या.