नवा प्लॅटफॉर्म स्वीकारावा काय ?



संगणकाच्या आज्ञावली लिहून उपजीविका करणारें एखादें तरी माणूस आज अनेक सुशिक्षित कुटुंबांत आढळतें. त्याच्यापुढें वारंवार येणारा प्रश्न असा कीं, नवा प्लॅटफॉर्म स्वीकारावा कीं नाहीं ? प्लॅटफॉर्म म्हणजे दुसऱ्यानें बांधून दिलेलें जोतें; भिंती तेवढ्या आपण चढवावयाच्या. पाया खणण्याचे श्रम वांचतात, हा लाभ उघडच आहे. पण जमीन कोणाची, हा प्रश्न घाईंत मागें राहतो.

पार्स या सेवेचें उदाहरण घ्या. ती २०११ सालीं अमेरिकेंत निघाली. ॲप तयार करणाऱ्यांना माहिती सांठविण्याची, ग्राहकांची ओळख पटविण्याची व त्यांना सूचना धाडण्याची तयार सोय तिच्यामुळें मिळे. स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची दगदग टळे. २०१३ सालीं फेसबुकनें ती विकत घेतली. एवढा बलाढ्य धनी लाभल्यावर चिंता कसली, असें कोणासहि वाटावें. परंतु जानेवारी २०१६ मध्यें सेवा बंद होणार असल्याचें जाहीर झालें, आणि मुदत मिळाली एका वर्षाची. धन्याचें बळ मोठें असलें म्हणून त्याची इच्छा टिकाऊ असतेच, असें नाहीं.

तरीहि या हकीकतीची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. सेवा आवरतांना कंपनीनें सर्व्हरची आज्ञावली सर्वांस खुली केली आणि सांठविलेली माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्यें नेण्याचें साधन दिलें. ज्यांनीं वेळींच हालचाल केली, त्यांना आपला संसार दुसरीकडे हलवितां आला.

म्हणून माझें सांगणें इतकेंच : निवड करतांना प्रवेशापेक्षां निर्गमाची परीक्षा आधीं घ्यावी. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरतां येत होतें. बाहेर पडण्याची विद्या मात्र त्याजपाशीं नव्हती. एक लहानसें, पण खरें काम नव्या प्लॅटफॉर्मवर करून पाहावें. मग सर्व माहिती बाहेर काढून तें काम अन्यत्र चालवावें आणि त्यास किती दिवस लागले, तें मोजावें. तेवढे दिवस आपणांस परवडत असतील, तर निःशंक मनानें स्वीकार करावा. कारण भीतीपोटीं प्रत्येक नवें साधन दूर सारणाऱ्यासहि किंमत द्यावी लागतेच. पाया खणण्यांतच त्याचें आयुष्य सरतें. परंतु बाहेरची वाट सांपडलीच नाहीं, तर ग्राहकांनीं विश्वासानें सोंपविलेली माहिती तेथें ठेवण्याचा आपणांस अधिकार नाहीं. जोखीम आपण पत्करतों, पण ठेव त्यांची असते.